मार्मीलाही रोज राग यायचा: 'लिटल विमेन', ख्रिसमस आणि आई-मुलीचं भांडण

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये किंवा ऑफिसात बॉस शेजारी असताना इअरफोन घालता येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना मी जिथे जिथे 'म्हणजे' म्हटलं होतं, त्यातले निम्मे उडवलेत. बाकीचे सहन करा.

डिसेंबर सुरू झाला की एक मेसेज हमखास येतो. "ताई, ख्रिसमसच्या सुट्टीत वाचायला काहीतरी छान, मन हलकं करणारं सुचव ना." यंदा एका मुलीने त्यात एक ओळ वाढवली होती, "आई-मुलीचं असेल तर बेस्ट. सध्या घरी वातावरण तंग आहे."

तिला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले, कारण माझ्याही घरी वातावरण तंगच होतं. ते पुढे सांगतेच. आधी पुस्तक.

पुस्तकाचं नाव 'लिटल विमेन'. लेखिका लुईझा मे अल्कॉट, अमेरिकन. पहिला भाग आला १८६८ साली, दुसरा १८६९ मध्ये. आपल्याकडे शांता शेळक्यांनी ते मराठीत आणलं, 'चौघीजणी' या नावाने. तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या कपाटात ते असण्याची शक्यता चांगली आहे, तेव्हा विकत घेण्याआधी तिथे बघा. आणि वाचायचा कंटाळा असेल तर सिनेमे आहेत. त्यातला ग्रेटा गर्विगचा २०१९ चा अनेकांनी पाहिला असेल. तोही अमेरिकेत २५ डिसेंबरलाच आला होता.

आता तुम्ही म्हणाल, हे तर चार बहिणींचं पुस्तक आहे, यात आई-मुलीचं भांडण कुठे आलं? मलाही शाळेत असताना ते दिसलं नव्हतं. यंदा दिसलं.

सुरुवात ख्रिसमसपासूनच

गोष्ट मॅसॅच्युसेट्सची, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली. वडील युद्धावर गेलेत, पैसे बेताचे. मेग सोळा वर्षांची, ज्यो पंधरा, बेथ तेरा आणि एमी बारा. यंदा ख्रिसमसला भेटवस्तू नाहीत म्हणून चौघी कुरकुरत बसल्यात. पुस्तक इथेच सुरू होतं. मग प्रत्येकीकडे जो एक-एक डॉलर आहे, त्यातून स्वतःसाठी काही न घेता आईसाठी घ्यायचं ठरतं. हातमोजे, स्लिपर, रुमाल, अत्तराची बाटली.

ख्रिसमसच्या सकाळी आई घरात नसते. ती येते ती बातमी घेऊनच. जवळच हमेल नावाचं गरीब जर्मन कुटुंब राहतं. घरात तान्हं बाळ, चुलीत विस्तव नाही, सहा मुलं ऊब मिळावी म्हणून एकाच बिछान्यात गोळा होऊन पडलीत. आई मुलींना विचारते, तुमचा नाश्ता त्यांना द्याल का?

इथे एक बारीक गोष्ट बघा. मुली तासभर थांबल्यात आणि त्यांना कडकडून भूक लागलीय. क्षणभर कोणीच काही बोलत नाही. लेखिका तो क्षण लपवत नाही. मग ज्यो पटकन बोलते, आणि सगळ्या टोपल्या भरून निघतात.

एक संदर्भ सांगते, मला तो फार इंटरेस्टिंग वाटला. आपल्याला वाटतं, अमेरिका म्हणजे ख्रिसमस पहिल्यापासून जोरात. पण याच मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकात प्युरिटन लोकांनी ख्रिसमस साजरा करायला बंदी घातली होती. १६५९ ते १६८१ अशी बावीस वर्षं. साजरा केलात तर पाच शिलिंग दंड! त्या राज्यात ख्रिसमसची अधिकृत सुट्टी झाली ती थेट १८५६ साली. म्हणजे लुईझाने हे पुस्तक लिहिलं तेव्हा 'घरगुती ख्रिसमस' ही गोष्ट तिथे बऱ्यापैकी नवीन होती. आज ख्रिसमसच्या गोष्टीत जे सगळं आपण गृहीत धरतो, म्हणजे शेकोटी, आई, बहिणी आणि शेजाऱ्याला दिलेलं जेवण, त्यातलं बरंचसं लोकांच्या मनात पक्कं करण्यात अशा पुस्तकांचा हात आहे.

बॅकअप नसलेलं हस्तलिखित

आता मुद्द्याचं प्रकरण. आठवं. त्याच्या शीर्षकात अपॉलियन नावाचा राक्षस आहे. तो जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या १६७८ च्या पुस्तकातला. अल्कॉटच्या कादंबरीत प्रत्येक मुलीला तिचा तिचा राक्षस भेटतो. ज्योचा राक्षस म्हणजे तिचा राग.

होतं असं. ज्यो आणि मेग नाटकाला निघतात. एमीला यायचं असतं, ज्यो तिला तोडून टाकते. चिडलेली एमी मागे राहते आणि ज्योची गोष्टींची वही जाळून टाकते. कित्येक वर्षांचं काम. आणि माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात जास्त दुखलं ते हे की ज्योने नुकतीच सगळी सुवाच्य प्रत तयार करून जुने कागद स्वतःच नष्ट केले होते. बॅकअप शून्य.

एमी माफी मागते. ज्यो म्हणते, कधीच माफ करणार नाही. रात्री आई हळूच सांगते की राग मनात धरून झोपू नकोस. ज्यो तेही ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यो शेजारच्या लॉरीबरोबर गोठलेल्या नदीवर स्केटिंगला जाते. एमी मागून येते. लॉरी ओरडून सांगतो, काठाकाठाने या, मधला बर्फ कच्चा आहे. ज्योला ऐकू येतं. एमीला येत नाही. आणि ज्यो तिला सांगत नाही.

एवढंच करते ती. ढकलत वगैरे नाही. फक्त कळलेली गोष्ट पुढे सांगत नाही.

एमी बर्फ फुटून पाण्यात जाते. लॉरी आडवा पडून तिला धरून ठेवतो, ज्यो कुंपणाचं लाकूड ओढून आणते, आणि ती वाचते. रात्री एमी झोपल्यावर ज्यो आईजवळ रडत बसते. मला राग आला की माझं मलाच कळत नाही, मी कुणाचंही काहीही करून बसेन, असं काहीसं तिचं म्हणणं.

आता आपल्याकडच्या गोष्टीत आई इथे काय करेल? पाठीवरून हात फिरवेल, रागाचे दुष्परिणाम सांगेल. मार्मी, म्हणजे त्यांची आई, वेगळंच करते. ती सांगते की मी अगदी तुझ्यासारखीच आहे. मला जवळजवळ रोज राग येतो. चाळीस वर्षं तो घालवायचा प्रयत्न करतेय, आणि आत्तापर्यंत जमलंय ते फक्त न दाखवणं.

ज्यो चकित होते, कारण आई रागावते हे तिच्या कधी लक्षातच आलेलं नसतं. पंधरा वर्षं एका घरात राहून!

ग्रेस म्हणजे नक्की काय?

या प्रकाराला इंग्रजीत 'ग्रेस' म्हणतात. ख्रिस्ती विचारातला हा मूळ शब्द आहे. समोरच्याने कमावलेलं नसताना त्याला मिळालेलं प्रेम, असा त्याचा साधा अर्थ. मराठीत आपण 'कृपा' म्हणतो. पण कृपा म्हटलं की डोळ्यांसमोर वरून खाली येणारा हात दिसतो. देव भक्तावर करतो, मोठा लहानावर करतो.

या प्रकरणात मार्मी वरून काही देत नाही. खाली येऊन ज्योच्या शेजारी बसते. 'तुला माफ केलं' या वाक्यात माफ करणारा उंचावर राहतो. 'मीही तशीच आहे' म्हणायला मात्र स्वतःची उंची सोडावी लागते. मला वाटतं, पुस्तकातली सगळ्यात मोठी भेटवस्तू ही आहे. ख्रिसमसचा नाश्ता तिच्यानंतर.

आणि आपल्याकडे हे अवघड का जातं तेही बघा. आपण ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो, विठ्ठलाला माउली म्हणतो. आई हा शब्द इतका वर नेऊन ठेवलाय, की खऱ्या, घरातल्या, कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या आईला चिडायला जागाच उरत नाही. ती चिडली की आपल्याला तिचं काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

खरी मार्मी

आता थोडं पडद्यामागचं. लुईझाने हे पुस्तक हौसेने लिहिलेलं नाही. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सचे थॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी पुस्तक लिही म्हणून मागे लागून लिहून घेतलं. कॉन्कॉर्ड गावातल्या ऑर्चर्ड हाउसमध्ये, वडिलांनी करून दिलेल्या छोट्या टेबलावर, १८६८ च्या मे ते जुलै एवढ्या दिवसांत पहिला भाग झाला. ती तेव्हा पस्तीस वर्षांची होती. काय लिहावं सुचेना, म्हणून तिने स्वतःचंच घर लिहून काढलं. ज्यो म्हणजे ती स्वतः. मार्मी म्हणजे तिची आई, अबिगेल. घरात तिला अब्बा म्हणत.

अब्बा पुस्तकातल्या मार्मीइतकी शांत नव्हती. तिच्या पत्रांत आणि डायऱ्यांत राग आहे, थकवा आहे, पैशाची विवंचना आहे. कारणंही तशीच होती. नवरा ब्रॉन्सन विचारवंत, इमर्सन आणि थोरोच्या वर्तुळातला, पण घरात पैसा आणणं त्याला कधी नीट जमलंच नाही. १८४३ मध्ये त्याने मित्राबरोबर 'फ्रूटलँड्स' नावाची आदर्श वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही, गुलामांच्या श्रमाचा कापूस नको म्हणून सुती कपडे नाहीत. तत्त्वं एकदम बरोबर. स्वयंपाक, धुणी आणि मुलं कोणाकडे? अब्बाकडे. सुमारे सात महिन्यांत, ऐन हिवाळ्यात, ते सगळं मोडलं. लुईझा तेव्हा अकरा वर्षांची होती. आईचा राग तिने जवळून पाहिला होता, आणि तोच राग तिच्यातही उतरला होता.

पण हीच आई लुईझाच्या दहाव्या वाढदिवसाला पेन्सिलची पेटी देते, सोबत चिठ्ठी लिहिते की तुला लिहायची आवड आहे हे मी पाहिलंय. त्या घरात मुलांच्या डायऱ्या आईवडील वाचत. आज ऐकून आपल्याला धडकी भरेल. पण अब्बा त्यात मुलीसाठी छोट्या चिठ्ठ्याही लिहून ठेवायची. आणि १८५४ च्या ख्रिसमसला बावीस वर्षांच्या लुईझाने आईच्या ख्रिसमसच्या मोज्यात काय ठेवलं? स्वतःचं पहिलं छापील पुस्तक, 'फ्लॉवर फेबल्स'. त्याचे तिला मिळाले होते बत्तीस डॉलर.

नाश्त्याची किंमत

इथून पुढे स्पॉयलर आहे. पुस्तक दीडशे वर्षं जुनं आहे, त्यामुळे मी फार माफी मागणार नाही.

ज्या हमेलांना ख्रिसमसचा नाश्ता दिला, त्यांच्याच घरी पुढे बेथ रोज जात राहते. आई तेव्हा आजारी नवऱ्यासाठी वॉशिंग्टनला गेलेली. बाकीच्या बहिणी कंटाळा करतात, बेथ जाते. तिथलं बाळ स्कार्लेट फीव्हरने तिच्या मांडीवर जातं आणि ताप बेथला लागतो. पहिल्या भागात ती वाचते, पण खंगलेलीच राहते, आणि दुसऱ्या भागात जाते.

हे लुईझाने मनाने रचलेलं नाही. तिची बहीण एलिझाबेथ १८५६ मध्ये अशीच आजारी पडली. अब्बा ज्या गरीब कुटुंबाला मदत करत होती, त्यांच्याकडून तो ताप घरात आला. १४ मार्च १८५८ ला एलिझाबेथ गेली.

म्हणून मला या पुस्तकाला नुसतं 'गोड' म्हणवत नाही. पहिल्या प्रकरणांतला चांगुलपणा पुढे खूप महाग पडतो. तरीही लेखिका कुठेही म्हणत नाही की तो नाश्ता द्यायला नको होता. पहिल्या भागाच्या शेवटाकडे दुसरा ख्रिसमस येतो, वडील घरी परततात, बेथ लोकरी झगा घालून बसलेली असते, आणि सगळे आनंदात असतात. वाचकाला आनंद होतोच, पण आता त्याला त्याची किंमतही माहीत असते.

एक तक्रार

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक गोष्ट मला पटत नाही. मार्मी ज्योला शिकवते ते राग गिळायला. तिचा नवरा तिला ओठांवर बोट ठेवून खूण करायचा, आणि ती गप्प व्हायची, असंही ती कौतुकाने सांगते. मी हे वाचताना ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते आणि तिथेच मोठ्याने "अरे!" म्हणाले.

आजच्या मुलींनी हे जसंच्या तसं घ्यावं असं मला अजिबात वाटत नाही. पण एक गंमत बघा. जी बाई राग न दाखवण्याचा सल्ला देतेय, तीच त्या क्षणी मुलीला स्वतःचा राग उघडून दाखवतेय. ज्योला आधार सल्ल्याचा मिळत नाही. तो आईच्या कबुलीचा मिळतो.

माझं खोकं

आता माझं. दिवाळीच्या आधी आईने मिरजेच्या घरी पोटमाळा आवरला. तिथे माझं एक खोकं होतं. इंजिनिअरिंगच्या नोट्स, आणि तळाशी तीन वह्या. कॉलेजात लिहिलेल्या गोष्टी. स्कॅन केलेल्या नाहीत, फोटो नाहीत. दिवसभर दुसऱ्यांना बॅकअप घ्या म्हणून सांगणाऱ्या मुलीचं हे.

खोकं रद्दीत गेलं. मला फोनवर कळलं. मी म्हणाले, "तुला काय कळणार आहे त्यातलं?" तिने फोन ठेवला.

दिवाळीला मी घरी गेले, फराळ केला, परत आले. त्यानंतर पाच आठवडे आमचं संभाषण असं, "जेवलीस?" "हो." "बरं." मी स्वतःला ज्यो समजत होते. माझी वही गेलीय, मी का माफ करू?

या एपिसोडसाठी आठवं प्रकरण परत वाचलं, तेव्हा मी बर्फापाशी अडकले. माझ्याकडे कुठली माहिती होती जी मी आईपर्यंत पोचवलीच नाही? साधीच होती. त्या खोक्यात काय आहे हे मी तिला सात वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मी लिहिते हेही तिला माहीत नव्हतं. वर कागदांवर 'थर्मोडायनॅमिक्स' लिहिलेलं, आणि मी नोकरीला लागून किती वर्षं झालेली.

मी फोन केला. काय बोलायचं कळेना, म्हणून सरळ मार्मीची गोष्टच सांगितली. चाळीस वर्षांचं ऐकून आई म्हणाली, "अगं, मला तर लग्नाला तीसच झालीत."

मग जरा थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी चिडलेलीच होते. तू तीनदा म्हणालीस आवरायला येते, तीनदा नाही आलीस. गुडघा धरून शिडीवर मी एकटीच चढत होते. ते खोकं उतरवताना म्हटलं, आता हे परत वर चढवणार नाही मी."

म्हणजे तिला कळलं नव्हतं असं नाही. तिला राग आला होता. मला हे ऐकून विचित्रच, पण बरं वाटलं. पाच आठवडे मी एका न समजणाऱ्या बाईवर रुसले होते. फोनवर जी होती ती माझ्यासारखीच तापट होती.

मी सॉरी म्हणाले. ती काही सॉरी म्हणाली नाही. तिने विचारलं, "काय होतं गं त्या वह्यांत?" मग मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगत बसले. एक गोष्ट तर आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची होती. तिने त्यातल्या दोन चुका काढल्या.

वह्या परत येणार नाहीत. ज्योचीही येत नाही. पुस्तकात कोणी कुठून जुनी प्रत शोधून आणत नाही, आणि हे मला फार आवडतं.

जाता जाता एकच. अब्बा १८७७ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. पुढे काही वर्षांनी लुईझाने आईच्या डायऱ्या वाचून नष्ट केल्या, कारण आईची तशी इच्छा होती. म्हणजे अब्बाच्या मनातलं किती आणि काय होतं, हे आपल्याला पुरतं कधीच कळणार नाही. पण आठव्या प्रकरणातली ती रात्र मुलीने जगासमोर ठेवली. आईला रोज राग यायचा, हे तिने लपवलं नाही.

तर, मेसेज करणाऱ्या मैत्रिणी, हे घे तुझं पुस्तक. आठवं प्रकरण आधी वाचलंस तरी चालेल. आणि कपाटात 'चौघीजणी' सापडलं, तर ते कुणाचं आहे आणि तिने ते कधी वाचलं होतं, एवढं घरी विचारून बघ. पुढचं आपोआप होईल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे सध्या "जेवलीस?" नंतर अजून दोन-तीन वाक्यं होतात.

सुट्टीत मी मिरजेला जातेय. शिडी मी चढणार आहे.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि कृपा करून बॅकअप घ्या!